तिसऱ्या जागेत काय लिहायचं

मल्हार मासाळ काय काम करतो हे सांगलीच्या विश्रामबागेतल्या त्याच्या बिल्डिंगमध्ये कुणालाच नीट ठाऊक नाही. 'कॉम्प्युटरचं' एवढं सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तेवढ्या भांडवलावर खालच्या मजल्यावरचे रिटायर मास्तर आपला बंद पडलेला प्रिंटर काखेत मारून वर येतात. मल्हारला प्रिंटरमधलं काही कळत नाही. पण नाही म्हणायचं त्याच्या जिभेला वळण नाही, म्हणून तो प्रिंटर उघडतो, आत फुंकर मारतो आणि मिटतो. एकदा तर तो चालूही झाला. तेव्हापासून शेजारच्या बिल्डिंगमधलेही यायला लागले.

त्याचं खरं काम चालतं अमेरिकेतल्या एका विमा कंपनीच्या मशीनवर. मेनफ्रेम म्हणतात त्याला. वयानं मल्हारपेक्षा वडील, स्वभावानं तिरसट, पण कामाला वाघ. तिकडची रात्र म्हणजे आपली सकाळ. तिकडची माणसं ऑफिसं बंद करून घरी गेली की मशीनला दिवसभराचं काम उरकायला बसवतात, आणि ते नीट उरकतंय ना हे बघायला इकडं मल्हार आंघोळ करून, कपाळाला भंडारा लावून, चहाचा कप घेऊन बसतो. पडद्यावर ना चित्र ना बाण. काळ्यावर हिरवी अक्षरं, पेरणी केल्यासारखी ओळीत.

त्या मशीनला आपणहून काही म्हणजे काही कळत नाही. आपल्या लॅपटॉपवर फाइल उघडली की उघडते आणि ठेवली की राहते. तिथं तसली भोळी मया नाही. प्रोग्रॅमला फाइलचं खरं नावच ठाऊक नसतं. तो आपला म्हणतो, मला वाचायला काहीतरी द्या, त्याला मी 'जुनं' म्हणेन. लिहायला जागा द्या, तिला मी 'नवं' म्हणेन. मग ते जुनं म्हणजे नेमकी कुठली फाइल, नवं कुठं ठेवायचं, त्याला जागा किती, एकेक नोंद किती अक्षरांची, हे प्रत्येक फाइलमागे एक ओळ लिहून सांगावं लागतं. त्या ओळीला डीडी म्हणतात. घरात हाक मारायचं नाव आणि रेशनकार्डावरचं नाव यांची गाठ घालून देणारी ओळ, असं समजा. मल्हारच्या धाकट्या भावाला सगळी वस्ती गुंडा म्हणते. कागदावर तो ज्ञानदेव आहे. पंचायतीत 'ज्ञानदेव मासाळ' अशी हाक पडली की तो स्वतःच मागं वळून बघतो, कोण आलाय म्हणून.

या डीडीच्या ओळीत एक छोटा कंस असतो आणि त्यात तीन जागा. पहिल्या जागेत लिहायचं, फाइल आत्ता कशी आहे: नवी, जुनी, की चारचौघांनी मिळून वाचायची. दुसरीत, काम नीट संपलं तर तिचं काय करायचं. तिसरीत, काम मध्येच पडलं तर काय करायचं. पुसायची, ठेवायची, की नोंदवून ठेवायची. ठेवणं आणि नोंदवून ठेवणं यात फरक आहे. नुसती ठेवली तर ती असते, पण सगळ्यांच्या सामायिक यादीत तिचं नाव चढत नाही. तुम्हाला ठाऊक असते, दुसऱ्या कामाला शोधून सापडत नाही. आणि तिसरी जागा मोकळी सोडली तर मशीन काही थांबून विचारत बसत नाही. ते दुसऱ्या जागेतलं उत्तरच तिसरीला लावतं. सगळं सुरळीत झालं असतं तर जे केलं असतं, तेच बिघडल्यावरही करतं.

मल्हारला हे पुस्तकानं शिकवलं नाही. पुण्यात नवा नवा लागला तेव्हा त्यानं एका कामात तिसरी जागा मोकळी सोडली होती. दुसऱ्या जागेत मात्र झोकात लिहिलं होतं, नोंदवून ठेव. काम निम्म्यात पडलं. अर्धी भरलेली फाइल पुऱ्या नावानं यादीत चढून बसली, पुढच्या कामानं तिच्यावर विश्वास ठेवला, आणि विमेदारांना जायची पत्रं आडनावांच्या निम्म्या बाराखडीपर्यंत जाऊन थांबली. दुरुस्त करून पुन्हा चालवायला जावं तर मशीन म्हणालं, या नावाची फाइल आधीच आहे. त्याचा वरिष्ठ ऋषिराज, मूळचा कराडचा, खुर्ची ओढून शेजारी बसला.

"मासाळ," तो म्हणाला, "तू लग्नाचा मांडव घातलास, आचारी सांगितलास, बँड सांगितलास. आणि नवरदेव वाटेत अडकला तर काय, हे कुणालाच सांगितलं नाहीस. वऱ्हाड जेवून गेलं की रे."

तेव्हापासून मल्हारनं तिसरी जागा कधी मोकळी सोडली नाही. म्हणजे डीडीच्या ओळीत.

*

मल्हारचे वडील आप्पासो मेंढरं राखत. म्हसवडच्या पूर्वेला माळावर त्यांची वस्ती. दिवाळी झाली की कळप घेऊन पश्चिमेला कृष्णाकाठी उतरायचं, तिथल्या ऊसवाल्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, आणि पावसाच्या तोंडाला परत माळ गाठायचा. मल्हारचा जन्मही असाच वाटेवरचा, एका ओढ्याच्या काठचा. त्याला शाळेत का घातला याचं कारण आप्पासो चारचौघांत सांगायचे: त्याला मेंढरं ओळखू येत नव्हती. कुठलं आपलं, कुठलं चुलत्याचं, कुठल्या कोकराची आई कोण, पोराला काही उमगायचं नाही. तेव्हा त्याला म्हसवडात मावशीकडं ठेवून शाळेत घातला. गुंडाला ओळखू येत होती, म्हणून त्याची शाळा सुटली. आप्पासो हे हसत सांगायचे आणि ऐकणारे हसायचे. गुंडा कधी हसायचा, कधी नाही.

पुढं मल्हारनं सांगलीत कॉलेज केलं, पुण्यात नोकरी केली, आणि घरून काम करायची मुभा मिळाल्यावर बायकोला घेऊन विश्रामबागेत येऊन राहिला. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आप्पासो त्याच्याकडं येऊन राहिले होते. डोळ्याची पट्टी निघाल्यावर पहिल्या सकाळी ते मल्हारच्या मागं येऊन उभे राहिले.

"ह्ये काय लिवतूयास?"

"कुटनं घ्यायचं आन् कुटं ठेवायचं, त्ये."

"कुणाला सांगतूयास?"

"मशीनला."

"त्येला दिसत न्हाई व्हय? मला बी नव्हतं दिसत. डाक्टरकडं न्ये."

मल्हारनं मग मेंढरांवरून समजावलं. ह्या रानातला कळप घ्यायचा, त्याचं काय करायचं ते करून दुसऱ्या वाघरीत घालायचा. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. ती केवढी ताणायची ते आधी सांगायचं, आणि जागा पुरली नाही तर जादा जाळी किती, तेही आधीच. जादा जाळीची गोष्ट आप्पासोंना पटली. जो जादा जाळी घेऊन निघतो तो माणूस कामाचा, असं त्यांचं मत होतं. मग त्यांनी घोंगडं सावरलं आणि विचारलं, "आन् वाटंतच आडलं तर? वढ्याला पानी आलं. निम्मी अल्याड, निम्मी पल्याड."

मल्हारला इतका आनंद झाला की तो खुर्चीवरून वळला. "त्येच, आप्पा. त्येच तिसऱ्या जागी लिवायचं असतंय."

आप्पासोंनी जरा विचार केला. "मशीनला सांगाय हरकत न्हाई," ते म्हणाले. "आमी निगताना तसलं तोंडातनं काडत न्हाई."

ते खरं होतं. मासाळांच्या घरी कळप निघताना कुणी 'कवा येणार' म्हणून विचारत नाही. जर, तर, पण, असलं काही बोलायचं नाही. मल्हारची आई तानुबाई पुढच्या मेंढ्याला भंडारा लावते, आप्पासो "चला" म्हणतात, आणि ती पाठ फिरवून घरात जाते. कळप टेकाडाआड होईपर्यंत बघत उभं राहायचं नाही. लहानपणी मल्हार एकदा बघत उभा राहिला होता, तर तिनं त्याला बखोटीला धरून आत ओढलं होतं.

*

यंदा होळीच्या सुमाराला कळप कराडच्या खाली नदीकाठी होता. सकाळी वाघर सोडवताना आप्पासो खाली बसले ते उठेनात. गुंडानं मेंढरं चुलतभावावर सोडली, रानमालकाच्या पिकअपमध्ये बापाला घातलं आणि मिरजेला दवाखान्यात आणलं. तेव्हा सांगलीला राहायला आलेल्या तानुबाईला घेऊन मल्हार पोचला तोवर तपासण्या झाल्या होत्या. हृदयाच्या नळ्या तुंबल्या होत्या, ऑपरेशनशिवाय इलाज नव्हता.

डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या, पण बोलणं सरळ. त्यांनी मल्हारला बाजूला घेतलं. "ऑपरेशन करायला हवं, आणि ते होईलही. पण आजोबांची फुप्फुसं थकलेली आहेत. नंतर श्वासाचं मशीन लावावं लागेल. ते सुटलं नाही, तर पुढं कुठवर जायचं, हे घरात बोलून ठेवा. त्यांनाच विचारलंत तर सगळ्यात चांगलं. आज ते शुद्धीवर आहेत."

मल्हारनं जिन्यात गुंडाला सांगितलं. गुंडा पायरीवर बसला होता, गुडघ्यावर हात टाकून. उन्हानं रापलेला, अंगाला कळपाचा वास.

"तू इचारणार न्हाईस, दादा."

"डॉक्टरीणबाई म्हणत्यात—"

"त्यांचं काय जातंय? त्यांचा बाप हाय का आत?"

"उद्या येळ आली तर काय करायचं, तू सांगशील?"

"येळ येत न्हाई."

"आली तर."

"ह्येच बग तुजं. आलं तर, पडलं तर, बुडलं तर. तुला पगार मिळतूय त्या 'तर'चा. आमाला न्हाई मिळत."

वरच्या मजल्यावरून कुणीतरी बादली आपटत खाली आलं, दोघांनी पाय बाजूला घेतले. ती बाई गेल्यावर गुंडाचा आवाज उतरला.

"आन् मेंढरांचं बोलला तर?"

हे मल्हारला ठाऊक होतं आणि ते त्याला ठाऊक आहे हे गुंडालाही ठाऊक होतं. गुंडा जेसीबी चालवायला शिकला होता. दिघंचीतला एक कंत्राटदार त्याला कामावर ये म्हणत होता. त्याची बायको आता कळपामागं यायला राजी नव्हती, पोरं वस्तीवरच्या शाळेत रमली होती. आप्पासोंना हे अजून सांगितलेलं नव्हतं. दर वर्षी तो म्हणायचा, यंदा सांगतो, आणि दर वर्षी दिवाळी झाली की काठी घेऊन निघायचा.

"कळप मोडू नकू म्हणला तर मी सुटायचो न्हाई," गुंडा म्हणाला. "जितं माणूस बोललं तर भांडता येतंय. असं सांगून गेल्यावर कुणासंगं भांडू?"

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. विचारायचं तर आज, आणि नाही विचारलं तर मग कधीच नाही, एवढंच मल्हारला दिसत होतं. विचारावं तर आई, भाऊ, सगळी भावकी म्हणणार, ह्यानं अभद्र बोललं. आणि प्रश्न नुसता त्यांच्या बोलण्याचा नव्हता, त्याला स्वतःलाही तेच भय होतं. इंजिनिअर लोकांत बसून उठून ते गेलेलं नव्हतं. त्यानं लॅपटॉप उचलला आणि खाली कँटीनला जाऊन बसला. सुट्टी मागायची राहून गेली होती, आणि काम समोर असलं की माणसाला दुसरं काही न करायला कारण मिळतं.

तेवढ्यात ऋषिराजचा फोन आला.

"मल्हार, तुझा तो मोठा जॉब पडला रे. नव्या फाइलला जागा पुरली नाही. जानेवारीपासून नोंदी वाढल्यात."

"जादा जागा वाढव. दुप्पट कर. आणि परत लाव."

"अर्धवट फाइल?"

"ती पुसली असेल. तिसऱ्या जागेत लिहिलंय."

ऋषिराज पलीकडं काहीतरी टाइप करत राहिला. "हां. पुसलीय. लागला परत, चालला." मग आवाज बदलून त्यानं विचारलं, "वडील कसे आहेत?"

"बघू," मल्हार म्हणाला, आणि फोन ठेवला.

तिकडं काम पडलं, आणि कुणाची धावपळ झाली नाही, कुणी कुणावर ओरडलं नाही. पुढची वाट कधीची लिहून ठेवलेली होती. ज्या माणसानं ती लिहिली तो त्या वेळी शांत डोक्यानं, चहा पीत बसलेला होता. म्हणून त्याला लिहिता आली. उद्या दुपारी अतिदक्षता विभागाच्या दारात आपलं डोकं तसं असेल का, असं त्यानं स्वतःला विचारलं. मग लॅपटॉप मिटला.

वॉर्डात आप्पासो उशाला टेकून खिडकीतून बाहेर बघत होते. खाटेपाशी कुणी नव्हतं. तानुबाई आणि गुंडा चहा आणायला खाली गेले होते.

"आप्पा, उद्याचं बोलायचंय."

"बोल."

"उद्या समदं नीट हुईल. पर मधीच आडलं, तर काय करायचं?"

आप्पासोंनी मान वळवली. रागावतील असं मल्हारला वाटलं होतं. ते म्हणाले, "तानू कुटं हाय?"

"च्या आणाय गेलीया."

"मग बिगीबिगी इचार. ती आली की मला बोलता यायचं न्हाई."

मल्हार खाटेच्या कडेला बसला. "श्वासाचं मशीन लावत्यात. ते सुटलंच न्हाई तर?"

"तर काडायचं आन् वस्तीवर न्यायचं. हितं नगं. मला छत बगून झोप लागत न्हाई, तुज्याकडं बी मी ग्यालरीत झोपतूय." मध्येच थांबून त्यांनी दम घेतला. "दिवस दिवस टांगून ठिवू नका. लय न्हाई, जरा वाट बगा. मग न्या."

"आन् मेंढरं?"

"त्ये गुंडा बगंल. ठिवायची तर ठिवंल, इकायची तर इकंल. त्येला म्हणावं, माज्या नावानं कायबी करू नगं. त्येला माजा राग येतूय आन् त्यो मेंढरांवर काडतूय. त्ये काय मला दिसत न्हाई?"

मल्हार थांबून राहिला. आपल्यासाठी काहीतरी येईल असं त्याला वाटलं, लहान पोराला वाटावं तसं. आप्पासो पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले होते. जिन्यात तानुबाईचा आवाज आला. मल्हार खाटेवरून उठला, आणि उठताना आप्पासोंनी त्याच्या मनगटावर हात ठेवून लगेच काढून घेतला. पाणी पाजल्यावर मेंढराच्या पाठीवर ठेवतात तसा. बस्स, तेवढंच.

तानुबाईनं चहा ओतला. आप्पासोंनी घोट घेतला आणि म्हणाले, "साकरचा कारखाना ह्यांचाच दिसतूय."

त्या संध्याकाळी मल्हारनं गुंडाला काही सांगितलं नाही. ऑपरेशन झालं की सांगू, असं त्यानं ठरवलं; सगळं नीट पार पडलं तर सांगायची गरजच पडणार नाही, असंही मनात होतं. एवढ्या पोटतिडकीनं त्यानं विचारलं, उत्तर घेतलं, आणि स्वतःपाशी ठेवलं. नुसतं ठेवलं. नोंदवलं नाही. ज्या माणसाची अर्धी हयात या दोन्हींतला फरक सांगण्यात गेली, त्यानं.

*

ऑपरेशन पार पडलं. दुसऱ्या दिवशी आप्पासोंनी डोळे उघडले, तानुबाईला ओळखलं. मग फुप्फुसांनी हात टेकले, त्यात मेंदूत रक्ताची गाठ अडकली. मशीन लागलं ते सुटेना. दिवस चालले. तानुबाई अतिदक्षता विभागाच्या बाहेरच्या बाकावर पदर आवळून बसायची आणि आत सोडलं की पायाशी उभं राहून "आवं" एवढंच म्हणायची.

एका सकाळी डॉक्टरीणबाईंनी तिघांना आत बोलावलं. आता सुधारणा होणार नाही, असं त्यांनी सांगितलं, हळू आणि साध्या मराठीत. पुढं काय करायचं ते घरच्यांनी ठरवायचं.

बाहेर आल्यावर मल्हार म्हणाला, "आप्पांनी सांगितलंय. मशीन काडा आन् वस्तीवर न्या."

तानुबाईनं त्याच्याकडं पाहिलं. "कवा सांगितलं?"

"ऑपरेशनच्या आदल्या दिवशी."

"कुणाफुडं?"

"मी इचारलं, आई."

"तू इचारलंस," ती म्हणाली. आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "त्या माणसानं जलमात कदी निगताना तसलं काडलं न्हाई तोंडातनं. आन् तुज्याजवळ काडलं? आन् तुज्याशिवाय कुणी ऐकलं न्हाई?"

मल्हारकडं पुरावा नव्हता. शब्द होते, आणि ते त्याच्या एकट्याच्या डोक्यात होते. तिथून दुसऱ्या कुणाला ते सापडणार कसे?

"मी ऐकलंय," गुंडा म्हणाला.

दोघंही त्याच्याकडं वळले. गुंडा भिंतीला टेकून उभा होता, जमिनीकडं बघत. "मी बी हुतो. हितं छताखाली नगं म्हणला. वस्तीवर न्या म्हणला."

तानुबाई बराच वेळ धाकट्याकडं बघत राहिली. मग तिनं पदर डोक्यावरून ओढला आणि म्हणाली, "मग न्या."

कागदावर सही मल्हारनं केली. ॲम्ब्युलन्समध्ये ऑक्सिजन होता. तासगाव, विटा, आटपाडी, दिघंची. त्या रस्त्यानं आप्पासो आयुष्यभर पायी गेले होते आणि आता पहिल्यांदाच न थांबता चालले होते. तानुबाई त्यांच्या डोक्याशी बसली होती. दिघंचीच्या पुढं गुंडा हळूच म्हणाला, "छताचं तुला बोलला असणारच. मला ठावच हुतं." मल्हारनं त्याला तेव्हा मेंढरांचं सांगितलं, शब्दाला शब्द.

"खरं सांगतूयास का मला मोकळं करतूयास?"

"खरं."

"तू सकाळी खोटं बोलला असतास तर आईनं पकडलं असतं," गुंडा म्हणाला. "तुला येत न्हाई. मला येतंय." आणि तोंड खिडकीकडं केलं.

वस्तीवर पोचल्यावर आप्पासोंना लिंबाखाली घोंगड्यावर ठेवलं. आजूबाजूला कळप नव्हता, तो नदीकाठी होता. नुसता वारा होता. उन्हं कलायच्या आत ते गेले.

*

मातीला आलेल्या भावकीत कुजबुज झाली ती व्हायचीच होती. थोरल्यानं आधीच विचारून ठेवलं होतं म्हणे. शिकलेली माणसं. एका म्हाताऱ्यानं तर मल्हारला ऐकू जाईल असं म्हटलं, "आता आमाला बी इचार बाबा, उरकून टाक." मल्हारनं ऐकून घेतलं. त्याला लागलं ते दुसरंच. दिवस होईपर्यंत आणि नंतरही तानुबाई त्याच्याशी बोलली नाही. जेवायला वाढायची, पाणी द्यायची, पण सांगायचं ते सुनेकरवी सांगायची. फोन केला तर गुंडाकडं द्यायची.

गुंडानं कळप विकला नाही. ठेवीन असंही म्हणाला नाही. "यंदाचा पाऊस बगतू," म्हणाला, आणि कृष्णाकाठावरून मेंढरं माघारी आणायला गेला. जाताना मल्हारला वाटलं, भावाची काठी धरायची पद्धत बदललीय. हे त्याचं नुसतं वाटणंही असेल. मेंढरं काय आणि काठी काय, त्याला कधी नीट ओळखता आली नव्हती.

कळप माळावर परतला तेव्हा मल्हार सुट्टी काढून वस्तीवर गेला होता. या वेळी मागून घेतलेली सुट्टी होती. सकाळी तो लिंबाखाली बसला होता. तानुबाई आतून आली, त्याच्यासमोर पाट टाकला आणि बसली. मग हाक मारली, "गुंडा, हिकडं ये रं. बस हितं."

गुंडा हातातलं कोकरू खाली सोडून आला.

"आता मला इचार," ती मल्हारला म्हणाली. इतक्या दिवसांत त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"काय इचारू, आई?"

"त्येला इचारलंस त्ये. आन् ह्यो बी बसूं दे. फुडं 'मी बी हुतो' म्हणून खोटं बोलाय नगं." गुंडानं मान खाली घातली. "तवा तू कुटं हुतास मला ठाव न्हाई व्हय रं? माज्यासंगं च्या आणाय आलतास. किटली तुज्याच हातात हुती."

वारा सुटला होता. कोकरू फिरून गुंडाच्या पायाशी आलं. म्हणजे तिला दवाखान्यातच ठाऊक होतं. गुंडा खोटं बोलतोय हे ऐकून, समजून, ती म्हणाली होती, मग न्या.

"मग कशी तयार झालीस?"

"दोघं एका बाजूनं बोललासा. कवा बोलत हुता त्याआधी?" ती म्हणाली. "आन् छताचं खरं हुतं. लगीन झाल्यापासनं मला ठाव हाय. पर मला न सांगता तुला सांगितलं, त्येचा राग आला. अजून हाय. त्यो माजा मी बगते. तू इचार."

मल्हारनं विचारलं. वाक्य तेच होतं, तरी आप्पांना विचारताना जेवढं जड गेलं त्यापेक्षा जास्तच जड गेलं. मधीच आडलं, श्वासाचं मशीन लागलं, ते सुटलं नाही, तर काय करायचं.

तानुबाईला विचार करावा लागला नाही.

"मला ठिवा," ती म्हणाली. "नळ्या घाला, किती बी घाला. वस्तीवर आणू नका. हितं काय हाय? वारा. मला छत चालतंय, पंखा चालतूय. तुज्या बापासारखी मला घाई न्हाई."

गुंडाला हसू आलं, ते त्यानं कोकरू उचलायच्या निमित्तानं लपवलं.

"आन् त्यानंबी न्हाई झालं तर, आई?"

"तर दुसरा डाक्टर बग," तानुबाई म्हणाली, आणि पाट उचलून आत गेली.